गणिताची वेस आणि रंगभूमीची वाट

दिवेलागण होऊन देवापुढें समई लागली, म्हणजे जुन्या महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांतून परवचा सुरू होत असे. ओसरीवर मुलें मांडी घालून बसत आणि पाढे म्हणूं लागत. हे पाढे केवळ पूर्णांकांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांचीही सारी माळ तोंडपाठ असावी लागे. कारण रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै आणि मणाचे चाळीस शेर, अशा त्या काळच्या व्यवहारांत पाव, निम आणि पाऊण यांचा प्रश्न पदोपदीं उपस्थित होई. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हें सारें गणित मुलें गळ्यानें शिकत. एकानें सांगावें, बाकीच्यांनीं त्याची री ओढावी, आणि ठेका चुकला तर पाढा चुकला असें समजावें, अशी ती रीत होती.

पंतोजीच्या शाळेचें नसतें कौतुक करण्याचें कारण नाहीं. तेथें छडीचा धाक मोठा होता आणि अर्थबोधाची वानवा होती. पाढा कां जुळतो, हें विचारणाऱ्या मुलाला बहुधा उत्तराऐवजीं छडीच मिळे. परंतु त्या शाळेंत एक गोष्ट नव्हती. संख्या आणि सूर यांचें वैर तेथें नव्हतें. ज्या मुलाला गाण्याचा नाद, त्याला पाढ्यांचा तिटकारा, असा सिद्धांत त्या वेळीं कोणी मांडला नसता. हें वैर मागाहून उत्पन्न झालें, आणि तें कसें झालें याची हकीकत मराठी रंगभूमीच्या इतिहासाशीं जडलेली आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, आणि १८५९ सालीं त्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, म्हणजेच पुढें घरोघर ज्या नांवाचा दरारा निर्माण झाला ती मॅट्रिक, प्रथम घेण्यांत आली. १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. विद्यापीठाचा सांचा लंडन विद्यापीठावरून घेतलेला होता. भाषा, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिति हे विषय मॅट्रिकच्या उमेदवारास आवश्यक होते. बुद्धीला शिस्त लागावी आणि विचार पायरीपायरीनें करण्याची संवय जडावी, हा त्यामागील हेतु होता, आणि त्या हेतूला नांव ठेवतां येणार नाहीं. अडचण निराळीच होती. प्रत्येक विषयांत उत्तीर्ण झाल्यावांचून परीक्षा उत्तीर्ण होत नसे. एका विषयांत उणें पडलें, कीं बाकीच्या विषयांतील सारें यश वायां जाई. शिवाय गणिताची भाषा बदलली होती. ज्या मुलानें ओसरीवर दिडकी खणखणीत आवाजांत म्हटली, त्याला आतां तेंच गणित इंग्रजींत, मुकाट्यानें आणि कागदावर करावयाचें होतें. समद्विभुज त्रिकोणाच्या पायथ्याचे कोन समान कां, हें समजून न घेतां युक्लिडचें प्रमेय अक्षरशः पाठ करणारे विद्यार्थी वर्गावर्गांतून दिसूं लागले. पाठांतर गेलें नाहीं. गेला तो त्यांतील सूर.

मॅट्रिकचें महत्त्व केवळ विद्येपुरतें असतें, तर ही गोष्ट एवढी जाचक झाली नसती. परंतु मॅट्रिक ही गांवाच्या वेशीसारखी झाली होती. वेशीच्या आंत सरकारी कचेरी, शाळेंतील शिक्षकाची जागा, वकिली, वैद्यकी आणि लग्नाच्या बाजारांतील पत हीं सारीं होतीं. वेशीबाहेर राहिलेल्या मुलानें काय करावें, याचें उत्तर विद्यापीठाजवळ नव्हतें. आणि त्या मुलाला नाटकाचें किंवा गाण्याचें वेड असलें, तर घरच्या माणसांजवळही नव्हतें.

कारण ज्या वेळीं ही वेस उभी राहिली, त्या वेळीं नाटकाची विद्या शिकविणारी एकही शाळा महाराष्ट्रांत नव्हती. सांगलीस विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेथून मराठी नाटकाचा आरंभ मानतात. योगायोग असा कीं, त्याच १८४३ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस गुर्लहोसूर येथें बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मास आले. हेच पुढें अण्णासाहेब या नांवानें महाराष्ट्राला परिचित झाले. ते विद्येकरितां धारवाडास व नंतर पुण्यास गेले. पण पुण्यास नाटकांची गोडी लागली, पदें रचण्याचा हात बसला आणि शाळेंतील शिक्षण मागें पडलें. पुढें त्यांनीं बेळगांवास शिक्षकाची नोकरी केली आणि नंतर पुण्यास सरकारी कचेरींत कारकुनी पत्करली. दिवसा कचेरींतील कागद आणि रात्रीं नाटकाचें वेड, असा त्यांचा क्रम होता. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून त्यांच्या मनानें उचल घेतली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. १८८२ सालीं ‘संगीत सौभद्र’ आलें. ज्या कारकुनाच्या हातून महाराष्ट्राला संगीत नाटक मिळालें, त्याची ही विद्या कोणत्याही विद्यापीठाच्या दाखल्यावर लिहिलेली नव्हती.

अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजीं वारले. हें १८८५ साल या विषयाच्या दृष्टीनें मोठें विलक्षण आहे. त्याच वर्षाच्या आरंभीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजची स्थापना झाली. त्याच वर्षीं विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईस बी. ए. झाले. आणि त्याच वर्षाच्या मे महिन्याच्या २६ तारखेस गुजरातेंत नवसारी प्रांतीं राम गणेश गडकरी यांचा जन्म झाला. एक नाटककार गेला, एक कॉलेज निघालें, संगीताचा एक भावी शास्त्रकार पदवीधर झाला आणि एक नाटककार जन्मास आला. या चारही धाग्यांची गांठ पुढें एका प्रश्नांत पडावयाची होती. ज्याला कला शिकावयाची आहे, त्यानें गणिताच्या वेशीचें काय करावें, हा तो प्रश्न.

गडकऱ्यांचे वडील ते लहान असतांनाच निवर्तले, आणि बाळपण गुजरातेंत गेल्यामुळें मराठी ही त्यांची घरची भाषा असली तरी शाळेची भाषा उशिरांच झाली. ज्या पुरुषानें पुढें मराठी गद्याला अलंकारांनीं मढवून काढलें, त्यानें पुण्यास येऊन मराठी कष्टानें कमावली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ते मॅट्रिक झाले आणि फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले. वेशीच्या आंत पाऊल पडलें होतें. परंतु आंत दुसरी वेस उभी होती. कॉलेजाच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेंतही गणित आवश्यक होतें, आणि गडकरी त्या विषयांत नापास झाले. घरची स्थिति हलाखीची; पुन्हां वर्षभर फी भरून त्याच परीक्षेस बसावें अशी सवड नव्हती आणि मनही नव्हतें. कॉलेज सुटलें तें कायमचें.

येथें इतिहासानें मोठी मौज केली आहे. त्या काळीं फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत अग्रस्थान मिळवून ‘सीनियर रँग्लर’ झालेले ते पहिले भारतीय. रँग्लर परांजपे हे नांव महाराष्ट्रांत त्या वेळीं बुद्धिमत्तेचा मानदंड होतें. मुलाच्या हुशारीचें कौतुक करावयाचें तर त्या नांवाशीं तुलना करीत. १९०२ पासून त्या मानी पुरुषाच्या देखरेखीखालीं तें कॉलेज चालत होतें, आणि त्याच कॉलेजच्या बाकांवरून मराठी रंगभूमीचा एक असामान्य नाटककार गणितापायीं उठून गेला. यांत परांजपे यांचा दोष नाहीं आणि कॉलेजचाही नाहीं. दोघांनींही विद्यापीठाचा नियम पाळला. परंतु नियम निर्दोष असला, तरी त्याच्या मापांत न बसणारें मनुष्य दोषी ठरतेंच असें नाहीं.

वेशीबाहेर पडलेल्या गडकऱ्यांना आश्रय दिला तो किर्लोस्कर नाटक मंडळीनें. अण्णासाहेबांनीं लावलेल्या झाडानेंच. मंडळींत लहान मुलें असत. स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्यामुळें गोड गळ्याच्या आणि नाजूक अंगलटीच्या मुलांची मंडळ्यांना नेहमींच गरज असे, आणि त्या मुलांना लिहितां-वाचतां यावें, शुद्ध बोलतां यावें, म्हणून मास्तर ठेवण्याची पद्धत होती. गडकरी हे अशा मुलांचे मास्तर झाले. गणितांत नापास झालेला विद्यार्थी, शाळेंतून सुटलेल्या मुलांचा शिक्षक झाला. पुढें त्यांनीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षकाचें काम केलें, ‘ज्ञानप्रकाश’ पत्रांतही कांहीं काळ नोकरी केली. पगार बेताचा, प्रकृति नाजूक आणि मन सदैव नाटकांत, असे ते दिवस होते.

पण नाटक मंडळींतील तो मुक्काम हाच त्यांचा खरा अभ्यासक्रम ठरला. कॉलेजांत शेक्सपियरचें नाटक शिकवीत, तें वाचण्याकरितां. शब्दांचे अर्थ, संदर्भ, स्वभावचित्रें यांवर प्रश्न येत. तेंच नाटक उभें कसें करावयाचें, पात्रानें वाक्य कोठें तोडावें, पद संपल्यावर टाळी पडेपर्यंत पुढील पात्रानें कोठें थांबावें, पडदा बदलण्यास लागणारा वेळ विनोदी प्रवेशानें कसा भरून काढावा, या गोष्टी कोणत्याही पुस्तकांत नव्हत्या. त्या पडद्यामागें उभें राहूनच शिकाव्या लागत. गडकऱ्यांचें नाटकाचें शिक्षण हें असें पडद्यामागें झालें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनीं गुरु मानलें. ‘गोविंदाग्रज’ या नांवानें त्यांनीं कविता लिहिली आणि ‘बाळकराम’ या नांवानें विनोद लिहिला. १९१२ सालीं ‘प्रेमसंन्यास’ रंगभूमीवर आलें. १९१६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें ‘पुण्यप्रभाव’ केलें. ज्या मंडळींत ते मुलांचे मास्तर होते, त्याच मंडळीच्या रंगमंचावर त्यांचे शब्द बोलले जाऊं लागले. वेशीबाहेरच्या दहा वर्षांत त्यांनीं आपली पदवी मिळविली, ती अशी.

त्यापुढची कथा जितकी उज्ज्वल तितकीच करुण आहे. क्षयानें त्यांना गांठलें. २३ जानेवारी १९१९ रोजीं नागपुरानजीक सावनेर येथें, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, ते वारले. पुरा महिनाही लोटला नाहीं तोंच २० फेब्रुवारी रोजीं गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधु झाले आणि गणपतराव बोडस सुधाकर झाले. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचून दिलीं होतीं. त्याच वर्षीं बळवंत संगीत मंडळीनें ‘भावबंधन’ रंगभूमीवर आणलें. ‘राजसंन्यास’ अपुरेंच राहिलें. प्रेक्षकगृहांत सिंधूच्या दुःखानें माणसें ढसढसा रडत असतां, तें दुःख लिहिणारा पुरुष कधींकाळीं गणितांत नापास झाला होता, याची कोणाला आठवण होती?

आतां याच काळांतील, याच देशांतील दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे वळूं. कारण त्याच्या कथेवांचून गडकऱ्यांच्या कथेचा अर्थ पुरा लागत नाहीं. मद्रास इलाख्यांत कुंभकोणम् येथें श्रीनिवास रामानुजन् हा विद्यार्थी १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून सरकारी कॉलेजांत गेला. गणितांत त्याची बुद्धि इतकी गढून गेली, कीं इतर विषयांकडे त्याचें लक्षच राहिलें नाहीं. शिष्यवृत्ति गेली. पुढें मद्रासेच्या पचय्यप्पा कॉलेजांतून १९०७ सालीं तो पुन्हां परीक्षेस बसला आणि पुन्हां नापास झाला. १९१३ सालीं त्यानें केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलें, १९१४ सालीं तो विलायतेस गेला, आणि १९१८ सालीं रॉयल सोसायटीचा सभासद झाला. २६ एप्रिल १९२० रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तो निवर्तला.

दोन इलाखे, दोन विद्यापीठें, पण सांचा एकच, आणि वर्षेंही जवळजवळ तींच. एकाला गणित येत नव्हतें म्हणून तो नापास. दुसऱ्याला गणितावांचून कांहीं येत नव्हतें म्हणून तो नापास. एक तेहतिसाव्या वर्षीं गेला, दुसरा बत्तिसाव्या. दोघांच्या मृत्यूंत सव्वा वर्षाचें अंतर. गणिताला शिव्या देणाऱ्यांनीं या जोडीकडे पाहावें. दोष गणिताचा असता, तर रामानुजन् उत्तीर्ण झाला असता. परीक्षेला सर्व विषयांत सारखीच उंची असलेलीं मुलें हवीं होतीं. एका अंगानें आभाळाला टेंकलेला मुलगा तिच्या वेशींतून जाऊं शकत नसे, मग तें अंग काव्याचें असो वा संख्येचें.

या कथेवरून पुष्कळदां एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. कलावंताला गणित येत नाहीं, येण्याचें कारण नाहीं, किंबहुना न येणें हेंच त्याच्या प्रतिभेचें लक्षण, असा तो निष्कर्ष. संगीताच्या इतिहासाकडे पाहिलें, तर हा भ्रम क्षणभरही टिकत नाहीं. त्रितालाच्या सोळा मात्रा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा, रूपकाच्या सात. तबलजी पांच मात्रांचा एक तुकडा घेतो, तो तीनदां वाजवितो आणि दोन तुकड्यांच्या मध्यें एकेक मात्रेची विश्रांति सोडतो. पांच, एक, पांच, एक, पांच, बेरीज सतरा. त्रितालांत समेवर सुरू झालेली ती तिहाई पुढच्या समेवर नेमकी येऊन आदळते आणि सभा ‘वाहवा’ म्हणते. ही बेरीज कोणी पाटीवर मांडलेली नसते. ती बोटांत आणि श्वासांत झालेली असते. ज्या मुलाला वर्गांत अपूर्णांकांची भीति वाटते, तोच मुलगा दीडपटीची आड लय सहज धरतो. आणि आड लय म्हणजे ओसरीवरची दिडकीच होय. ती केवळ पाढ्यांतून तबल्यावर गेलेली आहे. ज्याच्या हातांत अशी लय आहे, त्याला संख्या समजत नाहीं असें म्हणणें, म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याचें ज्ञान नाहीं असें म्हणण्यासारखें आहे.

संगीताची शाळा निघावी ही गरज जाणत्या पुरुषांना लवकरच भासली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या हाताखालीं गायनशाळा काढली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांची कथा तर या विषयाला आरशासारखी आहे. लहानपणीं आतषबाजीच्या अपघातांत त्यांची दृष्टि अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला. मुलाचें पुढें काय होणार, या विवंचनेंतून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणें शिकण्यास पाठविण्यांत आलें. गुरुगृहीं वर्षानुवर्षें राहून, गुरूंची सेवा करून विद्या मिळविण्याची ती रीत होती. तिचे गुण पलुस्करांनीं घेतले आणि तिचे दोषही ओळखले. गुरूची मर्जी हाच जेथें अभ्यासक्रम, तेथें गरीब आणि अनोळखी मुलाला प्रवेश कसा मिळावा? ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि संगीत हें वर्ग, इयत्ता, पुस्तकें आणि परीक्षा यांच्या साह्यानें कोणालाही शिकतां येईल अशी व्यवस्था केली. १९०८ सालीं मुंबईस त्याची शाखा निघाली. ज्याच्यापुढें शाळेचें दार लागलें, त्यानेंच संगीताच्या शाळेचें दार उघडलें.

भातखंडे यांची वाट उलट दिशेनें गेली. ते विद्यापीठाच्या सर्व वेशी ओलांडून गेलेले. १८८५ सालीं बी. ए., १८८७ सालीं एल्एल्. बी., आणि कांहीं काळ वकिलीही. पण त्या शिस्तबद्ध बुद्धीनें त्यांनीं घराणेदार गवयांजवळच्या चिजा मिळविल्या, रागांचें वर्गीकरण दहा थाटांत केलें आणि स्वरलिपींत सारें लिहून ठेवलें. १९२६ सालीं लखनौस संगीताचें कॉलेज निघालें, त्यामागें त्यांचेच परिश्रम होते. यावरून असें दिसतें कीं, परीक्षेच्या वाटेनें गेलेला आणि तिच्याबाहेर राहिलेला, असे दोघेही कलेच्या कामास आले. एकानें रचना दिली, दुसऱ्यानें प्रसार दिला, आणि दोघांचीही गरज होती.

आणि गंमत अशी, कीं संगीताची शाळा निघतांच तिच्यामागोमाग गणितही आंत शिरलें. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेंतील प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांत तालाची दुगण, तिगण, चौगण लिहून दाखवावी लागते. झपतालाच्या दहा मात्रा तिप्पट गतीनें म्हटल्या, तर त्यांना मूळच्या सव्वातीनांहून किंचित् अधिक, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रा लागतात. तेव्हां ती तिगण समेवर यावी म्हणून कोठून उचलावी? सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा सोडून. युक्लिडला भिऊन पळालेला विद्यार्थी येथें पुन्हां अपूर्णांकांच्या समोर उभा राहतो. पण या वेळीं तो पळत नाहीं, कारण उत्तर बरोबर आलें कीं चूक, हें त्याचा कान त्याला तत्काळ सांगतो. गणिताच्या शिक्षकांनीं या गोष्टीचा विचार करावा. कित्येक मुलांना संख्येचें भय वाटत नाहीं. ज्या संख्येला आवाज नाहीं आणि रूप नाहीं, तिचें भय वाटतें.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून तो संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. गडकऱ्यांचें नांव राहिलें म्हणून त्यांचें अपयश आज गोड वाटतें. परंतु त्यांच्याबरोबर त्या एकाच विषयांत नापास होऊन घरीं परतलेल्या मुलांचीं नांवें कोठेंही नोंदलेलीं नाहींत. त्यांपैकीं कितीकांच्या अंगीं कोणती कला होती, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. नापास होण्यानें कोणी नाटककार होत नाहीं. गडकरी नाटककार झाले ते अपयशामुळें नव्हे, तर अपयशानंतर त्यांना टेकण्यास एक नाटक मंडळी सांपडली म्हणून. नाटक मंडळ्यांची शाळाही कांहीं सुखाची नव्हती. कोवळ्या वयाचीं मुलें घर सोडून गांवोगांव फिरत, रात्रीं जागत आणि दिवसा तालीम करीत. आवाज फुटण्याचें वय आलें, कीं ज्या गळ्यावर सारी भिस्त, तोच दगा देई. आणि मग हातीं ना कला, ना मॅट्रिकचा दाखला. चित्रपट बोलूं लागल्यावर, १९३१ नंतरच्या काळांत मंडळ्या भराभर मोडल्या, तेव्हां शाळा सोडून नाटकांत आलेल्या कित्येक नटांना दुसरा आधार उरला नाहीं. मुलानें निदान मॅट्रिक तरी व्हावें, असा हट्ट धरणारे त्या काळचे वडील कलेचे वैरी नव्हते. त्यांनीं पडदा पडल्यानंतरचें नाटकगृह पाहिलें होतें.

कालांतरानें व्यवस्था बदलली. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक गेली आणि १९४९ सालीं तिच्या जागीं शालान्त परीक्षा आली. दिल्लीस १९५९ सालीं राष्ट्रीय नाट्यविद्यालय निघालें, आणि पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं ललित कला केंद्र स्थापन होऊन नाट्य, संगीत आणि नृत्य या विद्यांना विद्यापीठाच्या आवारांत रीतसर जागा मिळाली. जी विद्या गडकऱ्यांना पडद्यामागें उभें राहून चोरून शिकावी लागली, ती आज वर्गांत बसून शिकतां येते, आणि तिची पदवीही मिळते. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु दिल्लीच्या त्या नाट्यविद्यालयांत प्रवेश घेण्यास पदवी लागते, पदवीला बारावी लागते आणि बारावीला दहावी. म्हणजे नाट्यविद्येच्या दारापर्यंत जाणारा रस्ता आजही त्याच जुन्या वेशींतून जातो. २०२४ सालच्या महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यांत असें सुचविण्यांत आलें कीं, दहावीस गणित वा विज्ञान या विषयांत ३५ ऐवजीं २० गुण मिळाले, तरी गुणपत्रकावर तसा शेरा घेऊन विद्यार्थ्याला पुढें जातां यावें. मात्र त्या विषयांच्या पुढील अभ्यासाचा हक्क त्यानें सोडावा. या सूचनेवर पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणाले कीं यानें गणित बुडेल. कोणी म्हणाले कीं यानें मुलें तरतील. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. गडकऱ्यांना असा शेरा मिळता, तर त्यांचें कॉलेज सुटलें नसतें. परंतु शेऱ्यानें वेस रुंद होते, पलीकडचा रस्ता नीट होतोच असें नाहीं.

तो रस्ता नीट करण्याचें काम दोघांचें आहे. शिक्षकानें गणित सोडूं नये, पण त्याला पुन्हां आवाज द्यावा. तालाचा, चित्राचा, खेळाचा, ज्या मुलाला जो समजेल तो. पाढा ठेक्यांत म्हणविणारा जुना पंतोजी अर्थ सांगत नव्हता. अर्थ सांगणारा नवा शिक्षक ठेका विसरला. दोन्ही एकत्र आणणें कठीण नाहीं. आणि आईबापांनीं गुणपत्रकावरील एका आंकड्यावरून मुलाची सारी किंमत ठरवूं नये. त्याचबरोबर मुलाच्या कलेचें कौतुक करतांना त्याला शिक्षणाच्या शिदोरीवांचून वाटेस लावूंही नये. गडकऱ्यांना नाटक मंडळी सांपडली. प्रत्येक मुलाला ती सांपडेलच, असा भरंवसा इतिहास देत नाहीं.

आजही एखाद्या घरांत संध्याकाळीं एका खोलींत गणिताचें पुस्तक उघडें पडलेलें असतें आणि त्याच्याजवळ तबल्याची जोडी झांकून ठेवलेली असते. परीक्षा जवळ आली, म्हणून ती झांकलेली असते. घरच्या वडील माणसानें कधींतरी ती उघडावी, मुलाला झपतालाची तिगण हातानें धरून म्हणावयास सांगावी, आणि ती कोठून उचललीस, असें विचारावें. मुलगा उत्तर देईल. तें उत्तर गणिताचेंच असेल.